सोलापुरात घरची भाजी पिकवताना या चुका टाळा: आधी वाफसा बघा, मग पाणी द्या

जुळे सोलापुरात आमच्या घरामागे ओळखीच्या एका काकांचा प्लॉट रिकामा आहे. त्यातला अर्धा गुंठा त्यांनी आम्हाला भाजीसाठी दिलाय, आणि आठवड्याला एक पिशवी भाजी त्यांच्या घरी पोचती होते. पहिल्या वर्षी मी वांग्याची चाळीस रोपं लावली. महिनाभरात निम्म्याहून जास्त माना टाकून गेली. पानावर ना मावा, ना अळी. एक रोप उपटून पाहिलं तर मुळं काळपट झालेली. बोटांनी जरा ओढलं की साल सुटून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. मुळं कुजली होती, आणि ती मीच कुजवली होती.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे आलं की "सोडून घेऊ" म्हणून वाफे तुडुंब भरायचे, ही सवय घरोघरी आहे. काळी माती वरून भेगाळते, पण चार बोटं खाली चिकट ओली असते. वरच्या भेगा बघून आपण पुन्हा पाणी सोडतो आणि मुळांना हवाच मिळत नाही. शेतकरी वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी स्थिती, आल्याशिवाय रानात पाऊल टाकत नाही. परसबागेतही तोच नियम लावा. चार बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाच्या टोकाने सहज फुटला तर वाफसा आहे, अजून पाणी नको. बोटाला लोण्यासारखी चोपडली जात असेल तर अजून दोन-तीन दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर पाणी द्या.

भर दुपारी वांग्या-दोडक्याची पानं लोंबली म्हणून धावत जाऊ नका. ऊन उतरल्यावर ती ताठ झाली तर झाड ठीक आहे. सकाळीही लोंबलेलीच दिसली, तर मात्र मातीत बोट घालून बघा.

नळाचं पाणी थेट वाफ्यात न सोडता 200 लिटरच्या पिंपात भरून ठेवा आणि लागेल तसं सकाळी द्या. पिंप झाकलेलं हवं, नाहीतर डास होतात. वेलांसाठी मी मातीचा साधा माठ गळ्यापर्यंत पुरते, भरून तोंडावर झाकण ठेवते आणि भोवती काकडी, दोडका लावते. पाणी थेंब थेंब पाझरतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा कडब्याचं नाहीतर उसाच्या पाचटाचं तीन-चार बोटं जाड आच्छादन घाला, फक्त खोडाला चिकटवू नका. पावसाळ्यात सपाट वाफा टाळून वीतभर उंच गादीवाफा करा.

टोमॅटो बुडाशी काळा पडला की दुकानातून कॅल्शियमची बाटली येते. आपल्या बहुतेक मातीत चुना, म्हणजे कॅल्शियम, मुळातच भरपूर आहे. एकदा कोरडं, एकदा तुडुंब असं पाणी दिलं की तो फळापर्यंत पोचत नाही. ओलावा एकसारखा ठेवा, पुढची फळं सुधारतात.

पिवळ्या पानांचंही असंच. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, कुजलेलं शेणखत द्या. पण शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं आहे, युरियाने ते जात नाही. फेरस सल्फेट 5 ग्रॅम लिटरभर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. आणि चुलीची राख वाफ्यात ओतू नका. आपली माती आधीच विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट, राखेने ती आणखी विम्ल होते.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते. त्यावर औषध नाही, असं झाड दिसताच उपटा. बी घेतानाच परभणी क्रांतीसारखा तग धरणारा वाण बघा.

हंगामाची चूक महागात पडते. मृगाच्या पहिल्या सरीला सगळं बी टाकून मोकळे होतात, मग मध्येच ओढ बसते. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. म्हणून तर इथली ज्वारी रब्बीची. पालेभाज्याही त्यानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, जोमात येतात. मेथी, पालक, कोथिंबीर एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एकेक पट्टा पेरा. धने रगडून दोन फाकी करूनच टाका. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोची फुलं गळतात ती उष्णतेने, फवारणीने थांबत नाहीत. त्या जागी गवार लावा.

दुधी-दोडक्याला फुलं येतात आणि फळ धरत नाही, ही तक्रार फार ऐकते. पहिली फुलं बहुतेक नर असतात, ती गळणारच. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. ही दोन्ही फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. दिवेलागणीला नर फूल तोडून मादीच्या मध्यावर हलकेच टेकवा. काकडीला हेच सकाळी.

शेवटी तोडणी. "अजून जरा मोठं होऊ दे" म्हणत भेंडी ठेवली की चिवट होते आणि झाडही नवी फुलं कमी काढतं. दिवसाआड तोडा. टोक मोडून बघा, कट्कन मोडलं तर कोवळी. अंबाडीचीही कोवळी पानंच खुडा, देठ जून झाले की भाजी चोथट लागते. उकडून पाणी काढायचं, ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची, वरून लसणाची चरचरीत फोडणी. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. वाफ्यातून खुडलेली अंबाडी तासाभरात ताटात आली की काकांच्या घरूनही पातेलं येतं, "थोडी आम्हालाही द्या."