गॅस गिझर काढून इलेक्ट्रिक बसवताना

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी या भागांत मी वायरिंगची कामं करतो. जुन्या बिल्डिंगांत एक काम सारखं निघतं: बाथरूममधला गॅस गिझर काढून इलेक्ट्रिक लावायचा. हे काम मी कधी पुढे ढकलत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. आंघोळीला गेलेलं माणूस आत बेशुद्ध पडतं आणि घरच्यांना पत्ता लागत नाही.

गिझर निवडण्याआधी महावितरणचं बिल काढून त्यावरचा मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे, ते बघा. १५ लिटरचा स्टोरेज गिझर बहुधा २ किलोवॅटचा असतो आणि ३ लिटरचा इन्स्टंट ३ किलोवॅटचा. छोटा म्हणून इन्स्टंट घेणारे इथेच फसतात, कारण वायरवर जास्त ताण त्याचाच येतो: जवळपास १३ अँपिअर, तर स्टोरेजचा ९. एसी, मायक्रोवेव्ह धरून भार पुरत नसेल तर आधी वाढवून घ्या. खर्चाचं म्हणाल, तर १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला साधारण सहाशे दहा वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिटसुद्धा लागत नाही. वीसेक मिनिटांत टाकी तापते.

बाथरूममधल्या जुन्या प्लगवर गिझर चालवू नका. डीबीपासून, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या बोर्डापासून, वेगळी लाइन ओढा: २ किलोवॅटला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ३ ला चारची. लाइनला स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), बाथरूमबाहेर २० अँपिअरचा डीपी स्विच, आणि डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारी). डीपी स्विच फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्ही तोडतो, म्हणून तोच हवा.

आता अर्थिंग, म्हणजे बॉडीत करंट उतरला तर तो जमिनीत नेणारी वायर. इथे अजिबात घाई करू देऊ नका. आम्ही टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, लावतो. फेज-न्यूट्रलमध्ये बल्ब जसा पेटतो तसाच फेज-अर्थमध्ये पेटायला हवा. मिणमिणला तर अर्थिंग कमजोर. पण लख्ख पेटला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. जुन्या घरांत अर्थची वायरच आलेली नसते आणि कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला बोटभर वायरचा लूप मारलेला असतो. लॅम्प तिथेही लख्ख पेटतो. वर कुठे न्यूट्रल तुटला, की गिझरची बॉडी आणि नळ दोन्हींत करंट. म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनला तुमच्यासमोर सॉकेट उघडायला लावा आणि हिरवी वायर मीटर बॉक्सपर्यंत कशी गेली आहे ते दाखवायला सांगा. जात नसेल तर नवीन ओढल्याशिवाय गिझर लावायचा नाही. माझा हा हट्टच आहे.

गॅसचं कनेक्शन पाइपचं असेल तर स्वतः पाना लावू नका; महानगर गॅसला कळवून पॉइंट बंद करून घ्या. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करून काढा, मगच रबरी नळी सोडवा.

टाकी भरली की १५ लिटरचा गिझर पंचवीस किलोच्या आसपास जातो. विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) चालतो. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर लागतात. टॉवरमध्ये पाण्याचा ८ बार दाब सोसणाराच गिझर घ्या. निळ्या रिंगेला थंड पाणी, लालला गरम. दोन्हीकडे स्टीलची जाळी असलेले कनेक्शन पाइप लावा. निळ्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना थेंब थेंब गळतो. ते प्रेशर उतरण्यासाठीच असतं, तिथे बूच मारू नका. बारीक नळी लावून पाणी मोरीत सोडा.

स्विच टाकण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडा आणि फुरफुर थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. टाकी रिकामी असताना गिझर चालू केला तर कॉइल जळते आणि ती वॉरंटीत बसत नाही.

काढलेल्या गॅस गिझरमधले सेल लगेच काढा. तो गावाकडे कुणाच्या बंद न्हाणीघरात लावायला मात्र देऊ नका, भंगारात द्या.