कुत्र्याला पुण्याहून जर्मनीला न्यायचंय? मग आधी कॅलेंडर काढा

नोकरीचं लेटर आलं, व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली, की मग लोकांना आठवतं की अरे आपल्या कुत्र्याचं काय. आणि तेव्हा जायला दीड महिना उरलेला असतो. दीड महिन्यात हे काम होत नाही, कितीही पैसे टाकले तरी नाही, कारण यातला सगळ्यात मोठा वेळ नुसता थांबण्यात जातो. म्हणून जायचं नुसतं घाटत असेल तरी चिप (कातडीखाली बसवायची ओळखनंबराची मायक्रोचिप) आणि रेबीजच्या लसीचं काम उरकून टाका, नाहीच गेलात तर काही वाया जात नाही.

भारत युरोपियन युनियनच्या रेबीजच्या सुरक्षित देशांच्या यादीत नाही, म्हणून आपल्याला जास्त कागद लागतात. आणि क्रम चुकवायचा नाही: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग रक्त. चिप बसवायच्या आधी दिलेली लस ते धरतच नाहीत, मग तुमचा कुत्रा दरवर्षी नेमाने लस घेणारा का असेना. चिप १५ आकडी नंबरची, आयएसओ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डची हवी, आणि लसीच्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते रेबीज टायटर टेस्टसाठी, म्हणजे लसीमुळे रक्तात रेबीजविरुद्ध पुरेशा अँटीबॉडीज तयार झाल्यात का ते बघायला. सॅम्पल युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबलाच जायला पाहिजे, गल्लीतल्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही. रिपोर्टमधला आकडा ०.५ आययू (अँटीबॉडीज मोजायचं एकक) प्रति मिली किंवा त्याच्या वर यायला हवा. आणि मग ज्या दिवशी रक्त काढलं त्या दिवसापासून पूर्ण तीन महिने थांबायचं, रिपोर्ट आला त्या दिवसापासून नाही हां. म्हणजे १ मेला चिप आणि लस केली, १ जूनला रक्त दिलं, तर १ सप्टेंबरच्या आधी निघायचा विचारच करू नका. एक चांगलं आहे, टायटर एकदा पास झाली आणि पुढची लस मुदत संपायच्या आत देत राहिलात तर ती टेस्ट परत करावी लागत नाही. पण एक दिवस जरी लस उशिरा झाली तरी सगळं पहिल्यापासून, म्हणून लसीची तारीख फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

रक्त काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना चिप स्कॅन करायला सांगा, कंटाळा करू नका. आमच्या शेरूच्या वेळी डॉक्टरांनी स्कॅनर दोन्ही खांद्यांच्या मधून फिरवला, बीप झालं, मग स्क्रीनवरचा नंबर मी मोठ्याने एकेक आकडा वाचला आणि बायकोने लसीच्या पुस्तकात आणि लॅबच्या फॉर्मवर बोट ठेवून जुळवला. दोन मिनिटांचं काम आहे. कारण एअरपोर्टवर अधिकारी कुत्र्याचा फोटो बघत नाहीत, चिपचा नंबर बघतात, आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी ते कागद दुसऱ्याच कुत्र्याचे ठरतात.

जर्मनीचं अजून एक, पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर या जातींना आणि त्यांच्या मिक्सना तिथे आणायलाच बंदी आहे. आपल्या देशी कुत्र्यांना काही अडचण नाही, कागदावर जात नीट लिहून घ्या म्हणजे झालं.

आता क्रेट, म्हणजे विमानात कुत्र्याला ठेवायचा पिंजरा, यात काटकसर करू नका. कुत्र्याला आत मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. मापं घ्यायची ती अशी: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा मिळवा, ती क्रेटची लांबी. रुंदी खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट. उंची म्हणजे उभा असताना डोकं किंवा कान, जे वर असेल तिथपर्यंत, आणि वर अंथरुणाची जाडी. चारी बाजूंनी हवा यायला हवी आणि पाण्याचं भांडं दार न उघडता बाहेरून भरता आलं पाहिजे. क्रेट दोन-तीन महिने आधीच आणून हॉलमध्ये दार उघडं ठेवून मांडा, जेवण त्यातच द्या, तुमचा घातलेला जुना टीशर्ट आत टाका. दुपारी तो स्वतःहून आत जाऊन झोपायला लागला की समजा अर्धी लढाई जिंकली.

आणि हात जोडून सांगतो, झोपेची गोळी देऊ नका. गुंगीत श्वास आणि ब्लड प्रेशरवर परिणाम होतो आणि त्यात कार्गो होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत, बघायला कोणी नसतं, एअरलाइन्स पण गुंगीतलं जनावर घेत नाहीत. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर बऱ्याच एअरलाइन्स होल्डमध्ये घेतच नाहीत, त्यामुळे स्वतःचं तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला फोन करून कुत्र्याची जागा पक्की करा, एका फ्लाइटला मोजकीच जनावरं घेतात. उन्हामुळे शक्यतो मे महिना टाळा, आणि रात्रीची फ्लाइट घ्या.

शेवटचे दहा दिवस धावपळीचे. युरोपियन युनियनचं हेल्थ सर्टिफिकेट सरकारी व्हेटकडून घ्यावं लागतं, मुंबईहून उडणार असाल तर मुंबईच्या अॅनिमल क्वारंटाईन ऑफिसमध्ये, आणि सही झाल्यापासून १० दिवसांच्या आत तुम्ही तिकडे पोचून कागद तपासून झाले पाहिजेत. म्हणून अपॉइंटमेंट निघायच्या आदल्या दिवशीची नको, चार-पाच दिवस आधीची घ्या, म्हणजे काही दुरुस्ती निघाली तर वेळ हाताशी राहतो. ओरिजिनल कागद तुमच्या हँडबॅगेत आणि एक झेरॉक्सचा सेट क्रेटवर चिकटवलेल्या पाकिटात.

निघायच्या दिवशी चार-सहा तास आधी हलकं खाणं, एअरपोर्टला शिरायच्या आधी भरपूर चालवून आणायचं. फ्रँकफर्टला उतरलात की कस्टम्सच्या ग्रीन चॅनलने (काही सांगायचं नसलेल्यांच्या वाटेने) निघू नका, रेड चॅनलला जाऊन कुत्रा आणल्याचं सांगा. घर लागलं की महापालिकेत कुत्र्याची नोंद करून कुत्र्याचा टॅक्स सुरू करायचा असतो, बर्लिन, हॅम्बुर्गसारख्या ठिकाणी कुत्र्याचा लायबिलिटी इन्शुरन्स (कुत्र्याने कोणाचं नुकसान केलं तर भरपाई देणारा विमा) पण सक्तीचा आहे. आणि तिथल्या व्हेटकडून युरोपियन पेट पासपोर्ट करून घ्या, पुढे फ्रान्स-इटलीला फिरायला न्यायचं झालं तर तोच लागतो.