घरचा नॅस मंदावला तर डिस्कला हात लावण्याआधीची तयारी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या ४५ मिनी-डीव्ही कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवल्या. एका तासाच्या कॅसेटचे साधारण १३ जीबी होतात, म्हणजे सगळा ऐवज ६०० जीबीच्या आतला. घरच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या, फाइली साठवायच्या डिस्कांच्या डब्यावर, तो चढवायला दीड तास पुरायला हवा होता. कॉपी सुरू केली तर चौदा तास लागतील असं दिसलं. मी ठरवून टाकलं की डिस्क खराब झाली आहे. तीन डिस्कच्या रेडमधली (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा अशी मांडणी) एक काढून नवी बसवली, रीबिल्ड लावलं, म्हणजे उरलेल्या डिस्कांवरून नवीवर डेटा पुन्हा तयार करायला लावला, आणि त्या रात्रभराच्या ताणात उरलेल्या दोन जुन्या डिस्कांपैकी एकीवरचे वाचता न येणारे सेक्टर वर आले. दोन कॅसेटींच्या फाइली बाद झाल्या. मूळ कॅसेटी टाकून दिल्या नव्हत्या म्हणून त्या पुन्हा उतरवता आल्या. काढलेली डिस्क ठणठणीत होती. वेग अडला होता भिंतीतल्या केबलमध्ये. तेव्हा पुढची तयारी याच क्रमानं करा, मधलं काही गाळू नका.

कागद-पेन घ्या. घरातल्या बाकीच्यांचे व्हिडिओ, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, टोरंट, सगळं थांबवता येईल अशी वेळ निवडा. नॅसवर त्या वेळी बॅकअप, स्क्रब (सगळ्या डेटाची तपासणी) किंवा फोटोंचं इंडेक्सिंग चालू नाही ना ते बघा. एक मोठी फाइल तयार ठेवा, चार-पाच जीबीची, एकच. फोटोंचा फोल्डर घेऊ नका. हजारो छोट्या फाइलींत प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो, त्या आकड्यावरून नेटवर्कबद्दल काहीच कळत नाही.

मग ती फाइल पाठवा आणि आकडा लिहा. मेगाबिट की मेगाबाइट तेही लिहा, इथे फार जण घसरतात. आठ बिटांचा एक बाइट. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या, नेटवर्कवर फाइल सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जाते, तेवढी जात असेल तर नेटवर्कमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नाही. ३५ ते ४० वर अडत असेल तर वाटेत कुठेतरी यूएसबी २ आहे: जुना डॉक, जुना डोंगल, किंवा मागच्या चुकीच्या पोर्टात लावलेली डिस्क. वेग सतत खाली-वर होत असेल तर वाय-फाय किंवा डिस्क. आणि वेग ११-१२ वर सरळ रेषेसारखा स्थिर असेल तर कुठलातरी दुवा १०० मेगाबिटवर चालतोय. माझा आकडा ११.५ होता. तो समोर असूनही मी स्क्रू-ड्रायव्हर शोधत होतो.

आता या यादीतलं खरं कलम. प्रत्येक टप्प्याचा लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन टोकांच्या उपकरणांनी आपसात ठरवलेला वेग, बघा. प्रत्येक. नॅसचा लिंक स्पीड मीही बघितला होता, १००० दिसला, आणि नेटवर्क ठीक आहे असं समजून मी पुढे गेलो. पण तो १००० होता फक्त नॅस आणि त्याच्या शेजारच्या स्विचमधला (स्विच म्हणजे नेटवर्कच्या केबली एकमेकींना जोडणारा डबा). माझ्या घरात वाट अशी आहे: लॅपटॉप ते हॉलमधला राउटर, राउटर ते बेडरूममधला स्विच ही भिंतीतली केबल, आणि स्विच ते नॅस. टप्पे तीन. मी पहिला आणि तिसरा पाहिला, दोन्हीकडे १००० होता. मधला पाहिलाच नाही, आणि मधलाच १०० वर होता. तुमच्या घरातली वाट कागदावर काढा, प्रत्येक रेघेवर आकडा लिहा, आणि एकही रेघ रिकामी असेल तर पुढचं वाचू नका.

आकडा कुठे दिसतो? विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्कखाली इथरनेट उघडलं की लिंक स्पीड लिहिलेला असतो. लिनक्सवर इथटूल ही आज्ञा नेटवर्क कार्डाच्या नावासह चालवा आणि स्पीडची ओळ वाचा. तयार नॅस असेल तर त्याच्या नेटवर्कच्या पानावर असतो. अडचण येते ती राउटर आणि स्विचच्या किंवा दोन स्विचच्या मधल्या टप्प्याला, कारण साध्या स्विचला स्क्रीन नसते, फक्त दिवे असतात, आणि कुठला रंग गिगाबिटचा हे कंपनीगणिक बदलतं. म्हणून दिव्यावर भरवसा ठेवू नका. भिंतीतून आलेली केबल बेडरूमच्या स्विचमधून काढा, ती थेट लॅपटॉपला लावा आणि लॅपटॉपवर लिंक स्पीड वाचा. दोन मिनिटांचं काम आहे, मी ते तेरा दिवस केलं नाही.

हे का होतं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही हे कलम गाळाल. केबलमध्ये चार जोड्या, आठ तारा असतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी आणि हिरवी जोडी शाबूत असेल तर १०० चालतं. निळी किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी सुटली तरी बरीच उपकरणं काही न सांगता १०० वर उतरतात. कुठे लाल दिवा नाही, इशारा नाही. माझ्याकडे सॉकेटच्या झाकणामागे तपकिरी तार निसटली होती. घरचं इंटरनेट १०० मेगाबिटचंच, त्यामुळे ते मंद झालं नाही आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून एक खात्रीची केबल हाताशी ठेवा. कारखान्यात जोडलेली, कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रतीची, आणि हॉलपासून नॅसपर्यंत जमिनीवरून नेता येईल एवढी लांब. गिगाबिटसाठी १०० मीटरपर्यंत कॅट ५ई पुरते, महागाच्या मागे लागू नका. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल मात्र घेऊ नका, घेताना तांबं आहे का ते विचारा. केबलमधली प्रत्येक तार तपासणारा आठ दिव्यांचा साधा टेस्टरही घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो मिळतो. राउटरचे पोर्टही तपासा. इंटरनेटच्या जोडणीबरोबर मिळालेल्या कितीतरी राउटरना १०० मेगाबिटचेच पोर्ट असतात. तसं असेल तर त्या राउटरमधून वाट नेऊच नका, गिगाबिट स्विच मध्ये टाका आणि राउटर बाजूला जोडा.

वाय-फायवरून मोजू नका. एवढंच.

लॅपटॉपवर आणि नॅसवर आयपर्फ ३ हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम आधीच टाकून ठेवा. नॅसवर ते सर्व्हर म्हणून चालू करा, लॅपटॉपवरून क्लायंट म्हणून जोडा. हे डिस्कला हात न लावता फक्त वाट मोजतं, म्हणूनच ते लागतं. ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर वाट स्वच्छ आहे. ९४-९५ आलं तर परत मागे जा, कागदावरची एखादी रेघ तुम्ही अंदाजानं भरली आहे. उलट दिशेनंही मोजा, त्याला वेगळा पर्याय आहे. एकाच दिशेला आकडा पडत असेल तर नेटवर्क कार्डाच्या आकडेवारीत सीआरसीच्या चुका, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची नोंद, वाढताहेत का बघा. वाढत असतील तर केबल किंवा तिचं टोक.

वाट स्वच्छ निघाली तरच डिस्ककडे वळा. आणि त्याआधी बॅकअप. दुसऱ्या डिस्कवर, नॅसच्या बाहेर. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. तो घेतलेला नसेल तर कुठलीही डिस्क काढू नका, रीबिल्ड लावू नका. मग नॅसवरच एक मोठी फाइल लिहून वेग बघा. नुसत्या शून्यांची फाइल नको, कॉम्प्रेशन चालू असेल तर आकडा खोटा येतो. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या, अहवालात दोन ओळी वाचा: पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले) आणि सीआरसी एरर. पहिली वाढत असेल तर डिस्क जाते आहे. फक्त दुसरी वाढत असेल तर आधी डिस्क जोडणारी साटा केबल बदला, डिस्क नव्हे. सुरुवातीला वेगानं लिहून थोड्या वेळात कोसळणारी डिस्क एसएमआर प्रकारची (माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) असू शकते, मॉडेल नंबरवरून ते कळतं.

राहिलेलं भराभर सांगतो. जंबो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवरची नेहमीपेक्षा मोठी डेटाची पाकिटं, लावल्या असतील तर काढा, एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) सगळीकडे १५०० करा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन प्रकारांत एसएमबी साइनिंग (नॅसशी होणाऱ्या फाइलींच्या देवाणघेवाणीवर सही) मुळातच सक्तीचं आहे, जुन्या प्रोसेसरच्या नॅसला ते जड जातं. मोठी कॉपी चालू असताना नॅसचा प्रोसेसर किती भरतोय ते बघा. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

दुरुस्ती झाली की तीच फाइल पुन्हा पाठवा आणि नवा आकडा जुन्याशेजारी लिहा. सॉकेटचं झाकण बसवल्यावर लॅपटॉप लावून त्या टप्प्याचा लिंक स्पीड आणखी एकदा वाचा. झाकण दाबताना माझ्याकडे तपकिरी तार दुसऱ्यांदा निसटली होती.