जीवशास्त्राचा पेपर झाल्यावर उत्तरं ताडून बघताना

हॉलबाहेर पडल्या पडल्या "सतराव्याचं काय आलं?" असं विचारू नका. प्रश्नसंच वेगळे असतील तर तुमचा सतरावा माझा एकोणचाळिसावा असू शकतो, पर्यायांचा क्रमही बदललेला. 'बी' की 'सी' ते राहू दे. प्रश्न आणि उत्तर शब्दांत सांगा. त्याआधी प्रत्येकाने अडलेल्या प्रश्नांची आपली उत्तरं कागदावर उतरवायची. दुसऱ्याचं ऐकलं की आपण नेमकी कुठे खूण केली, तेच आठवेनासं होतं.

मतं जुळली नाहीत तर बहुमत घेऊ नका. आम्ही चौघींनी एकदा घेतलं होतं. हार्डी-वाइनबर्ग समतोलातल्या, म्हणजे पिढ्यानपिढ्या जनुकांचं प्रमाण तेच राहणाऱ्या समूहात अप्रभावी लक्षण १६ टक्क्यांत दिसतं, तर विषमयुग्मजी, म्हणजे एक प्रभावी आणि एक अप्रभावी जनुक असलेले, किती? आम्ही तिघी २४ टक्के म्हणत होतो, चौथी एकटी ४८. तिने वहीच्या मागच्या पानावर मांडलं: अप्रभावी जनुकाचं प्रमाण क्यू, प्रभावीचं पी; क्यूचा वर्ग ०.१६, म्हणून क्यू ०.४, पी ०.६, विषमयुग्मजी म्हणजे दोन पी क्यू, ०.४८. आम्ही दोनाने गुणलंच नव्हतं. तेव्हापासून मी आधी "कसं काढलंस?" विचारते.

'अयोग्य विधान ओळखा' हे प्रश्न वेगळे काढून बघा. तिथे येत असलेलंही हातचं जातं.

उद्या दुसरा पेपर असेल तर हे सगळं आज नकोच. आणि घोळक्यात कुणी गप्प झालं असेल, तर तिला गुण विचारू नका, सोबत चाला.

कागद मात्र जपून ठेवा. अधिकृत उत्तरतालिका आली की तोच लागतो.