रेडिएशनच्या प्लॅनिंगसाठी पेट स्कॅन: पेशंटनं आणि घरच्यांनी काय करायचं

अपॉइंटमेंट घेताना सगळ्यात आधी सांगा, की हा पेट-सीटी (पेट आणि सीटी एकत्र केलेला स्कॅन) रेडिएशनच्या प्लॅनिंगसाठी, म्हणजे किरणं नेमकी कुठे द्यायची ते आखण्यासाठी आहे. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, आणि एवढं एक वाक्य राहून गेलं तर किती अडतं ते मी बघते. एरवीच्या स्कॅनला आम्ही पेशंटला खोलगट, गादीच्या टेबलावर झोपवतो. रेडिएशनच्या मशीनचं टेबल मात्र सपाट आणि कडक. पाठ वेगळी टेकली की आतली गाठही जागची हलते, मग स्कॅनवर आखलेली हद्द किरणं देताना जुळत नाही. म्हणून प्लॅनिंगच्या वेळी सपाट फळी आणि लेझर लावावे लागतात, रेडिएशन विभागातलं कुणीतरी हजर लागतं. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असेल, तर मापाचा केलेला जाळीचा मास्क बरोबर हवाच. अंगावर पेनानं खुणा केल्या असतील तर आंघोळीत त्या घासू नका.

बहुतेक वेळा जे औषध टोचतो ते एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली साखर. कॅन्सरच्या अनेक गाठी साखर जास्त ओढतात, म्हणून चित्रात उठून दिसतात. पण कामाला लावलेले स्नायूही ती ओढतात. त्यामुळे आदल्या दिवशी व्यायाम आणि जड ओझं टाळा. किमान सहा तास उपाशी राहा. साधं पाणी भरपूर चालतं. चहा, बडीशेप, खोकल्याची गोळी नाही. मधुमेह असेल तर आधीच कळवा. रक्तातली साखर 200 च्या वर असली की स्कॅन बहुधा पुढे ढकलावा लागतो. ती उतरवायला येण्याआधी आपल्या मनानं इन्सुलिन घेऊ नका, कारण मग आम्ही टोचलेलं एफडीजी स्नायूंमध्येच जातं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीनं चित्रात आतडी चमकतात. पोटाचा भाग बघायचा असेल तर ती गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारा.

वेळेवर या. फ्लोरिन-18 ची ताकद 110 मिनिटांत निम्मी होते, तुमच्यासाठी आलेला डोस वाट बघत नाही.

टोचल्यावर साधारण तासभर शांत पडून राहायचं असतं, आणि याच वेळी माणसं फोन काढतात. कृपा करून बोलू नका. बोललं, चघळलं की घशाचे स्नायू उजळतात, आणि घशाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टरांना नेमकी तिथेच रेघ आखायची असते. शाल आणा; थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी चमकते आणि गाठीचा भास होतो.

एवढा आग्रह मी का धरते, ते फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये स्पष्ट दिसतं. गाठीनं श्वासनलिका दाबली की पलीकडचं फुप्फुस आकसतं. साध्या सीटीत गाठ कुठे संपते आणि आकसलेला भाग कुठे सुरू होतो ते नीट कळत नाही. पेटमध्ये गाठ वेगळी दिसते, आणि चांगलं फुप्फुस किरणांतून वाचवता येतं. पण चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं. टीबीच्या गाठीही तशाच दिसतात. पूर्वी टीबी झाला असेल, नुकताच न्यूमोनिया, बायोप्सी किंवा लस झाली असेल, तर लपवू नका, विसरूही नका.

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी एफडीजीऐवजी अनेकदा गॅलियम-68 पीएसएमए हे दुसरं किरणोत्सारी औषध वापरतात. त्याला सहसा उपास लागत नाही, म्हणून कुठला स्कॅन आहे ते विचारून घ्या.

स्कॅननंतर पाणी प्या, वरचेवर लघवीला जा, आणि काही तास लहान मुलं व गरोदर बायकांपासून लांब राहा. रेडिएशन संपल्या संपल्या परत पेट करायची घाई नको. किरणांनी आलेली सूजही चमकते. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये साधारण 12 आठवडे थांबतात.

आणि निघताना नुसता रिपोर्टचा कागद घेऊ नका, सीडी मागून घ्या. प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरला मूळ चित्रं लागतात, छापलेल्या फिल्मवरून गाठीची हद्द आखता येत नाही.