लाइट जाऊन आल्यावर जुना टीव्ही सुरूच होत नाही: माझा अनुभव

सेट 21 इंची, पिक्चर ट्यूबचा; ठाण्यातला. चालू असला की उत्तम चालतो. लाइट जाऊन तासाभराने आली की मात्र स्टँडबायचा दिवाही लागत नाही.

फ्यूज शाबूत, पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) 320 व्होल्ट हजर. पॉवर आयसी (पॉवर सप्लाय चालवणारी चिप) बदलला, सोल्डरिंग पुन्हा मारलं, फरक शून्य. दोन रविवार वैतागात गेले.

दोष निघाला आयसीला पुरवठा देणाऱ्या, हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) चिकटून बसलेल्या 47 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टच्या छोट्या कपॅसिटरमध्ये. उष्णतेने तो आतून सुकतो, वरून फुगलेला दिसत नाही. खूण: प्लग काढून त्याला हेअर ड्रायरने गरम केलं आणि प्लग परत लावला, की सेट सुरू होतो.

प्लग काढा. मोठा कपॅसिटर 2.2 किलोओहम, 5 वॉटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करून मीटरने खात्री करा. हे टाळू नका, जिवाशी खेळ आहे. पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीला हात लावू नका. छोटा कपॅसिटर काढून त्याच मापाचा, 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा बसवा (85चा हीटसिंकशेजारी टिकत नाही). कपॅसिटरवरच्या पट्टीची बाजू ऋण. डीगॉसिंग कॉइलचा (पिक्चर ट्यूबभोवतीची, तिचं चुंबकत्व घालवणारी तारेची गुंडाळी) कनेक्टर काढून 100 वॉटचा पिवळा (तारेचा, एलईडी नव्हे) बल्ब सेटच्या वीजपुरवठ्याच्या वायरमध्ये सिरीजमध्ये लावून सेट चालू करा. बल्ब चमकून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.