जीपच्या वायरिंगची खतावणी

डॅशबोर्डमागून धूर आला तेव्हा जीप उभी होती, इंजिन बंद होतं आणि मी टपावर ताडपत्री बांधत होते. चूक सगळी माझीच. फॉग लाइटची वायर मी स्विचच्या अलीकडून, कायम करंट असलेल्या तारेतून घेतली होती. फ्यूज नाही, जोडाला नुसता पीळ आणि वर इन्सुलेशन टेप. उन्हाने टेपचा डिंक सुटला आणि उघडी तार पत्र्याला टेकली. पाना शोधून बॅटरीचं टर्मिनल सोडवेपर्यंत अर्धा हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, वितळला होता.

पेशाने मी हिशेबनीस. म्हणून नवं वायरिंग करायला घेतलं तेव्हा पक्कड नंतर उचलली, आधी वही उघडली. एका ओळीत एक वायर: कुठून निघते, कुठे जाते, किती वॅटचा लोड, किती अँपिअर, वायरची जाडी, फ्यूज, रंग, आणि शेवटचा रकाना ‘परत कशी येते’. हा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत. पण जेवढा करंट बॅटरीतून जातो, तेवढा परत यावाच लागतो. ताळमेळ बसत नसेल तर खोट कुठेतरी आहे, आणि माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर असते.

जुना हार्नेस कापून काढू नका. बॅटरी सोडवा, आधी निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर थेट शॉर्ट. परत जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. मग प्रत्येक टोकाला कागदी चिकटपट्टीची चिठ्ठी लावत हार्नेस अखंड बाहेर काढा. मी तो एका जुन्या चादरीवर गाडीच्याच आकारात पसरला आणि फाटे जिथे फुटतात तिथे खडूने खुणा केल्या. नवा हार्नेस त्याच चादरीवर बांधला, गाडीत वाकून नाही. पाठीने आभार मानले.

आता आकडे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टने भागलं की ९ अँपिअरच्या थोडं वर. फ्यूज १५ अँपिअरचा, निळा. फ्यूज दिव्याला वाचवत नाही, वायरीला वाचवतो, म्हणून तो वायरीच्या कुवतीपेक्षा मोठा कधीच नको, आणि त्याची जागा बॅटरीपासून वीतभर अंतरात. दिव्याजवळ फ्यूज लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडली.

वायरीची जाडी लांबीवरही ठरते. तांब्याच्या १ चौरस मिमी जाडीच्या एक मीटर तारेचा रोध साधारण ०.०१७५ ओहम. जायला चार मीटर आणि यायला चार मीटर धरा. १ चौरस मिमीच्या वायरीत ९ अँपिअरला सव्वा व्होल्ट वाटेतच जातात, अडीचच्या वायरीत जेमतेम अर्धा. अर्धा-पाऊण व्होल्टने काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो! माझ्या जीपमध्ये इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ आणि हेडलाइटच्या होल्डरवर ११.६ व्होल्ट येत होते. मी मात्र दरवर्षी नवे बल्ब घेत होते.

कारण जुन्या जीपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून येतो. उपाय म्हणजे रिले: बारीक करंटने जाड करंट चालू-बंद करणारा स्विच. ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड वायर, ८७ वरून दिव्याला. ८५ आणि ८६ ही आतला चुंबक चालवणाऱ्या कॉइलची टोकं: एकीला स्विचकडून बारीक वायर, दुसरीला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परतीची जोडणी. रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर ८५-८६ उलट जोडून चालत नाही, वर छापलेली आकृती बघा. ८७ए ही पिन रिले बंद असताना चालू असते. एकदा मी तीच ८७ समजून जोडली आणि किल्ली न लावता दिवे लागले. हाय आणि लो बीमला वेगवेगळा रिले. त्यानंतर होल्डरवर १३.४ आले, त्याच जुन्या बल्बवर.

विंचला, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या मोटरच्या चरखीला, असला रिले चालत नाही. पूर्ण ओढीला ती मोटर चारशे अँपिअरच्या घरात करंट घेते. तिची केबल अंगठ्याएवढी, सरळ बॅटरीवरून, मध्ये कटऑफ स्विच.

डॅशबोर्डवर जुना अँपमीटर असेल तर तो काढा. त्यातून गाडीचा बहुतेक सगळा करंट जातो आणि त्याचे नट ढिले झाले की तापतात. त्याजागी व्होल्टमीटर लावा. चार्जिंगचा लाल दिवा मात्र जपा. बऱ्याच अल्टरनेटरना (बॅटरी चार्ज करणारे जनरेटर) चार्जिंग सुरू करण्यापुरता करंट त्या बल्बमधूनच मिळतो. तिथे हौसेने एलईडी बसवलात तर अल्टरनेटर कधी कधी जागाच होत नाही.

आता परतीची वाट. अर्थच्या बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, कसा, आणि मग वरून ग्रीस लावा. रंगावर कसलेला अर्थ आज चालतो आणि पहिल्या पावसात रुसतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी असे दोन जाड पट्टे हवेतच. नाहीतर सेल्फ मारताना करंट क्लचच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. तपासायला दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं दिव्याच्या अर्थवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर परत खरवडा.

जोडाबाबत माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत, पण खडकाळ रस्त्यावरच्या गाडीत मी सोल्डर करत नाही. कथील तारेत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्यांनी तार बरोबर त्या कडेला तुटते. रॅचेटची क्रिंपिंग पक्कड (टोक दाबून बसवणारी), वायरीच्या मापाचं लग (वायरीच्या टोकाचं धातूचं टर्मिनल), आणि आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव (तापवली की आवळणारी नळी). लग दाबलं की जोर लावून ओढून बघायचं. निसटलं तर चादरीवर निसटलेलं बरं. वायर पत्र्यातून जाईल तिथे भोकाला रबरी ग्रोमेट (कडेचं कडं), इंजिनजवळ पन्हाळी पाइप, सायलेन्सरपासून लांब. पाण्यात उतरणार असाल तर कनेक्टरआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतो. टपाच्या कॅरियरला वेल्डिंग करायचं असेल तर त्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवा.

पहिल्यांदा करंट देताना बॅटरीची वायर सरळ जोडू नका. मध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घाला. सगळं बंद आणि फ्यूज काढलेले असताना तो लखलखला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जाणार नाही, त्यामुळे काही जळत नाही. अंधारलेला राहिला तर एकेक फ्यूज घालत पुढे जा. माझा चौथ्या फ्यूजला पेटला. हॉर्नची वायर ब्रॅकेटखाली चिमटली होती.

एवढं करूनही आठवड्यात बॅटरी दोनदा बसली. गाडी बंद, निगेटिव्हच्या वाटेत मीटर: १६० मिलिअँपिअर. पन्नासच्या आत असायला हवं. वहीत या रकमेची नोंद कुठेच नव्हती. बोनेट उघडून रिलेंवर बोट ठेवत गेले, तर फॉग लाइटचा कोमट लागला. दिव्यांचा फ्यूज मी तपासणीसाठी काढून ठेवला होता, स्विच चालूच राहिला होता, आणि अंधारात नुसती कॉइल रात्रंदिवस करंट पीत होती. आता त्या कॉइलची वायर किल्लीमागून घेतली आहे. वहीत ओळ क्रमांक २३, लाल शाईने.